याद, यादी आणि गाळणी

'यादी' हा शब्द मराठीत इतका रुळला आहे की तो फारसीच्या 'याद'मधून आला, हे सांगितल्यावर मुलांना नवल वाटते. याद म्हणजे आठवण. विसरायला नको ते लिहून काढले की यादी झाली. 'हजेरी'ही अशीच, अरबीच्या 'हाजिर'मधून आलेली. या दोन शब्दांची कुळकथा मी वर्गात दर वर्षी सांगतो. गेल्या वर्षी मात्र याच दोन शब्दांनी मला धडा शिकवला, आणि तोही वर्गात नाही, संगणकासमोर.

आमच्या भागातल्या एका छोट्या वाचनालयात जुना संगणक आहे. दोन माजी विद्यार्थ्यांनी त्यावर उर्दू-मराठी शब्दसंग्रह बसवला. वाचनालयात बसलेल्या मुलाने फोनवर शब्द टाकला की अर्थ समोर येतो. शब्द गोळा करण्याचे काम माझे, यंत्राचे काम त्यांचे. दोघेही नोकरीनिमित्त बाहेरगावी गेले आणि यंत्रही माझ्या गळ्यात पडले. एका रात्री मुलांसाठी नवा सरावाचा प्रकल्प सुरू करायला गेलो, तर संगणकाने नकार दिला. नव्या नेटवर्कसाठी मोकळे पत्ते शिल्लक नाहीत, असे त्याचे म्हणणे. एका विद्यार्थ्याला फोन लावला. तो म्हणाला, "सर, जुनी नेटवर्क साचली असतील. वापरात नसलेली तेवढी काढून टाका."

मी यादी मागवली. 'वापरात नाही' अशी गाळणी लावली. गाळून आलेली सगळी नावे एका आज्ञेत पुसून टाकली आणि समाधानाने घरी गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी आठवी-नववीच्या मुलांची शब्दकोडे स्पर्धा होती. मुले येऊन बसली आणि शब्दसंग्रह काही सुरू होईना. शब्द सगळे जागेवर होते, पण त्यांच्यापर्यंत जाणारा रस्ता मीच आदल्या रात्री उखडून ठेवला होता.

असे का झाले हे समजून घ्यायला मला बरेच मागे जावे लागले. त्या शोधात हाती लागलेला हा छोटा इतिहास.

डबा

संगणकातल्या 'कंटेनर'चे नाव बंदरावरून आले आहे. पूर्वी जहाजावर माल चढायचा तो पोती, पिंपे, पेट्या, गासड्या अशा सुट्या रूपात. हमालांच्या टोळ्या दिवसचे दिवस खपायच्या. माल्कम मॅक्लीन या अमेरिकन ट्रकमालकाने विचार केला, की ट्रकमधून माल उतरवून पुन्हा जहाजात भरण्यापेक्षा मालाचा अख्खा डबाच उचलून जहाजावर ठेवला तर? २६ एप्रिल १९५६ रोजी 'आयडियल एक्स' हे त्याचे जहाज ५८ डबे घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनला निघाले. पुढच्या दशकाच्या अखेरीस डब्यांची मापे आंतरराष्ट्रीय मानकांत बसू लागली. डबा कुठलाही असो, आत काहीही असो, क्रेन, ट्रक, रेल्वे आणि जहाज या सगळ्यांना तो सारखाच उचलता येऊ लागला. आपल्याकडे न्हावा-शेवा बंदर १९८९ साली सुरू झाले ते याच डब्यांसाठी. उरणच्या रस्त्याने कधी गेला असाल तर एकावर एक रचलेले ते रंगीत डबे पाहिले असतील.

इतक्या डब्यांत आपला डबा कुठला हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. म्हणून डबा आला की क्रमांक आला आणि क्रमांक आला की यादी आली. संगणकातही नेमके हेच झाले, फक्त तिथे आधी भिंती उभ्या राहिल्या.

भिंती

एकाच संगणकावर अनेक कामे चालवायची, पण एकाने दुसऱ्याच्या सामानाला हात लावता कामा नये, ही अडचण जुनीच. १९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत 'सीएचरूट' नावाची सोय आली. एखाद्या कामाला सांगायचे, की ही एवढी खोली म्हणजेच तुझे जग. त्याला खोलीबाहेरच्या फायली दिसत नाहीत. पण ती भिंत फायलींपुरतीच होती. आवाज पलीकडे जायचा, म्हणजे नेटवर्क सर्वांचे एकच असायचे.

२००० साली फ्रीबीएसडीच्या चौथ्या आवृत्तीत 'जेल' आले. पोल-हेनिंग कॅम्प यांनी बांधलेल्या या तुरुंगात प्रत्येक कैद्याला स्वतःचा नेटवर्क-पत्ता मिळाला. लिनक्सने हीच गोष्ट तुकड्यातुकड्याने केली. २००२ साली फायलींसाठी वेगळे 'नेमस्पेस', म्हणजे वेगळे नामविश्व आले. २००६मध्ये गूगलच्या अभियंत्यांनी कोणत्या कामाने किती स्मृती आणि किती प्रोसेसर वापरायचा याला लगाम घालणारे काम हाती घेतले, ते आज 'सीग्रुप' म्हणून ओळखले जाते. जानेवारी २००८मधील २.६.२४ या कर्नलमध्ये सीग्रुप दाखल झाले आणि त्याच सुमारास नेटवर्कच्या नामविश्वाचाही पाया पडला.

आपल्या गोष्टीसाठी हे शेवटचे पाऊल सर्वांत महत्त्वाचे. वेगळ्या नेटवर्क-नामविश्वात असलेल्या कामाला स्वतःचा पत्ता, स्वतःची दारे, स्वतःचा मार्गदर्शक तक्ता मिळतो. एकाच संगणकावर दहा जणांनी एकाच क्रमांकाचे दार उघडले तरी भांडण होत नाही, कारण प्रत्येकाचे घर वेगळे. पण घर वेगळे झाले की शेजाऱ्याशी बोलायचे कसे, हा नवा प्रश्न उभा राहतो. भिंत बांधणाऱ्यालाच मग दार आणि वाट यांचाही विचार करावा लागतो.

पूल

मार्च २०१३मध्ये अमेरिकेत पायथॉन भाषेच्या परिषदेत सॉलोमन हाइक्स यांनी जेमतेम पाच मिनिटांत एक नवे साधन दाखवले. नाव 'डॉकर', म्हणजे गोदीत माल चढवणारा कामगार. भिंती आधीच तयार होत्या. डॉकरने त्यांचा एकसारखा डबा केला आणि तो कुणालाही सहज उचलता येईल अशी मूठ बसवली. मॅक्लीनने ट्रकचा शोध लावला नव्हता आणि जहाजाचाही नाही. त्याने डबा एकसारखा केला. हाइक्स यांच्या कामाची जातकुळीही तीच.

सुरुवातीच्या डॉकरमध्ये सगळे डबे एकाच आभासी पुलाला जोडलेले असत. प्रत्येक डब्यातून एक आभासी तार निघायची, तिचे दुसरे टोक या पुलाला. सगळे एकाच चौकात उभे. दोन डब्यांची नावानिशी ओळख करून द्यायची तर 'लिंक' नावाची वेगळी गाठ मारावी लागे. चार डबे असतील तोवर हे ठीक होते. चाळीस झाले की कोणाची गाठ कोणाशी, याचा हिशेब राहत नसे.

म्हणून २०१५ साली डॉकरने नेटवर्कचा भाग वेगळा काढून नव्याने रचला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या १.९ आवृत्तीत 'डॉकर नेटवर्क' ही स्वतंत्र आज्ञा सर्वांच्या हाती दिली. आता नेटवर्क ही स्वतःचे नाव असलेली वस्तू झाली. ती निर्माण करता येते, तिला डबा जोडता येतो, सोडवता येतो आणि ती पुसताही येते. तीन नेटवर्क डॉकर स्वतःच मांडून ठेवतो. 'ब्रिज' हा तो जुना पूल. 'होस्ट' म्हणजे भिंतच नको, यजमान संगणकाचेच नेटवर्क वापर. 'नन' म्हणजे कुणाशीच संबंध नको. बाकीची आपण आपल्या गरजेनुसार बांधायची. आपण बांधलेल्या नेटवर्कवरचे डबे एकमेकांना नावाने हाक मारू लागले.

फेब्रुवारी २०१६मध्ये अनेक डबे एकत्र चालवणाऱ्या 'कंपोज' या साधनाने प्रत्येक प्रकल्पासाठी आपोआप एक नेटवर्क बांधायला सुरुवात केली. सोय झाली, पण न मागता बांधलेल्या गोष्टी साचतातही. प्रकल्प रीतसर गुंडाळला तर त्याचे नेटवर्क जाते. नुसता फोल्डर उडवला तर नेटवर्क मागे राहते. माझ्या विद्यार्थ्यांनी शिकताना असे कितीतरी फोल्डर उडवले होते.

आता पत्त्यांचे. १९९६ साली इंटरनेटच्या नियमावलीत खाजगी वापरासाठी पत्त्यांचे तीन पट्टे राखून ठेवले गेले. डॉकर मूळ मांडणीत त्यांतल्याच दोन पट्ट्यांचे तुकडे करून नव्या नेटवर्कला एकेक तुकडा देतो. असे तुकडे तीस-एकतीसच भरतात. ते संपले की पुढच्या नेटवर्कला जागा नाही. वाचनालयातल्या संगणकाने त्या रात्री जे रडगाणे लावले होते ते हेच. गाव भरले होते आणि निम्म्याहून अधिक घरांना कुलूप होते.

यादी

नेटवर्कची यादी मागवणारी आज्ञा आहे 'डॉकर नेटवर्क एलएस'. यंत्रावर ती रोमन लिपीत टाइप करायची असते. यातल्या 'एलएस' या दोन अक्षरांना मोठा वंश आहे. १९६०च्या दशकातल्या मल्टिक्स या प्रणालीत 'लिस्ट' अशी आज्ञा होती, तिचे लघुरूप एलएस. बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९६९पासून युनिक्स उभे केले तेव्हा हे नाव सोबत आले. आज अर्ध्या शतकानंतर डॉकर तीच दोन अक्षरे वापरतो. शब्द टिकतात, वस्तू बदलतात, हे भाषाशिक्षकाला वेगळे सांगायला नको.

यादीत चार रकाने येतात: ओळखक्रमांक, नाव, ड्रायव्हर म्हणजे कोणत्या जातीचे नेटवर्क, आणि स्कोप म्हणजे ते याच यंत्रापुरते आहे की अनेक यंत्रांवर पसरलेले. ओळखक्रमांक खरे तर ६४ अक्षरांचा, पण वाचणाऱ्याच्या सोयीसाठी १२च दाखवतात. पूर्ण हवा असेल तर तसे मागता येते. नुसते क्रमांक हवे असतील तर तेही मिळतात, आणि हीच सोय घातक. कारण नुसत्या क्रमांकांची ती यादी थेट पुसण्याच्या आज्ञेला जोडता येते. मी तेच केले होते. नावे डोळ्यांखालून गेलीच नाहीत.

गाळणी

यादी लांबली की गाळणी लागते. बेल प्रयोगशाळेतल्या डग मॅक्इलरॉय यांनी १९६४ सालीच एका टिपणात लिहून ठेवले होते, की बागेतला पाण्याचा पाइप जसा एकाला एक जोडता येतो तसे प्रोग्रॅमही जोडता आले पाहिजेत. १९७३ साली थॉम्पसन यांनी ती 'पाइप'ची सोय युनिक्समध्ये आणली. त्याच सुमारास 'ग्रेप' आले. हवा तो मजकूर असलेल्या ओळीच पुढे जाऊ द्यायच्या, बाकीच्या अडवायच्या. चहाच्या गाळणीसारखे काम.

ग्रेपला मात्र रकाना कळत नाही, त्याला फक्त अक्षरे कळतात. डॉकरची यादी ग्रेपमधून गाळताना 'ब्रिज' शोधले, तर ब्रिज नावाचे नेटवर्क, ब्रिज जातीची सगळी नेटवर्क आणि नावात कुठेतरी ब्रिज असलेले भलतेच एखादे, सगळे एकत्र येतात. 'पाटील' शोधायला जावे आणि पाटीलवाडीपर्यंत सगळेच हाती लागावे, तसे. म्हणून डॉकरने आपल्या आज्ञेतच 'फिल्टर' दिला. त्याला रकाना कळतो. ड्रायव्हरनुसार गाळा, स्कोपनुसार गाळा, क्रमांकाने, नावाने, आपण चिकटवलेल्या लेबलने गाळा. 'टाइप' लावून डॉकरची स्वतःची नेटवर्क वेगळी आणि आपण बांधलेली वेगळी काढता येतात. आणि 'डँगलिंग', म्हणजे लोंबकळणारी, वापरात नसलेली.

एकाहून जास्त गाळण्या लावल्या तर काय होते, हे शाळेच्या उदाहरणाने सांगतो. 'इयत्ता आठवी' आणि 'इयत्ता नववी' अशा एकाच प्रकारच्या दोन अटी घातल्या तर दोन्ही वर्गांची मुले येतात, कारण एकच मूल दोन इयत्तांत असू शकत नाही. पण 'इयत्ता आठवी' आणि 'उर्दू माध्यम' अशा वेगळ्या प्रकारच्या अटी घातल्या तर दोन्ही पुऱ्या करणारेच मूल येते. डॉकरमध्येही तसेच. ड्रायव्हर ब्रिज आणि ड्रायव्हर ओव्हरले असे दोन फिल्टर दिले तर दोन्ही जाती येतात. ड्रायव्हर ब्रिज आणि अमुक नाव असे दिले तर दोन्ही अटींत बसणारीच येतात.

नावाच्या गाळणीत आणखी एक खोच आहे. ती नावाचा तुकडाही जुळवते. 'शब्द' शोधले तर 'शब्द', 'शब्दकोडे' आणि 'शब्दसंग्रह' तिन्ही येतात. नेमके 'शब्द' एवढेच हवे असेल तर नावाच्या आधी टोपीसारखी खूण (^) आणि शेवटी डॉलरची खूण ($) घालायची. टोपी म्हणजे 'इथून सुरुवात', डॉलर म्हणजे 'इथे शेवट'. या खुणा थॉम्पसन यांच्या जुन्या मजकूर-संपादकात आणि ग्रेपमध्ये होत्याच. १९७०च्या दशकातल्या दोन खुणांनी आजची चूक टळते. जुन्या पुस्तकाच्या समासात आजोबांची टीप सापडावी, तसे मला वाटले.

गैरहजर आणि कमी केलेला

आता माझ्या चुकीकडे येतो. 'डँगलिंग' ही गाळणी विचारते एवढेच, की या घडीला या नेटवर्कवर चालू डबा आहे का? नसेल तर नेटवर्क वापरात नाही. वाचनालय बंद करताना आम्ही शब्दसंग्रहाचे डबे रोज थांबवतो. ते थांबलेले होते, मेलेले नव्हते. गाळणीला हा फरक दिसला नाही. चालू डबा जोडलेला असता तर डॉकरने नेटवर्क पुसायला नकार दिला असता. पण झोपलेल्या डब्याच्या वतीने बोलायला कोणी नव्हते. जानेवारी २०१७मध्ये १.१३ आवृत्तीसोबत आलेली 'प्रून', म्हणजे छाटणीची आज्ञाही अशीच वागते. सकाळी डबा उठला, आपल्या जुन्या नेटवर्कचा क्रमांक शोधू लागला आणि तो क्रमांक जगातच नव्हता.

शाळेत हजेरीपटावर आम्ही रोज हजर-गैरहजर मांडतो. पटावरून नाव कमी करणे ही मात्र वेगळी गोष्ट. त्यासाठी घरी निरोप जातो, चौकशी होते, दाखला दिला जातो. ऊसतोडणीला आई-बापाबरोबर गेलेले पोर चार महिने गैरहजर असते. म्हणून ते शाळेचे राहिले नाही असे नव्हे. ज्या मास्तरने एका सकाळची हजेरी पाहून नाव कमी केले, त्याच्याकडून नियम मोडला असेल-नसेल, पोर मात्र गेलेच. मी वीस वर्षे हजेरी घेतो आणि हा फरक मुलांच्या बाबतीत कधी चुकलो नाही. यंत्रापुढे बसल्यावर कसा चुकलो? कारण समोर नावे नव्हती, नुसते क्रमांक होते.

रेशनकार्डाची यादी असो की मतदारांची, आपल्यापैकी अनेकांनी रांगेत उभे राहून 'तुमचे नाव नाही' हे ऐकले आहे. दर वेळी त्यामागे दुष्ट हेतू असतो असे नाही. पुष्कळदा कुणीतरी सोयीसाठी एक गाळणी लावलेली असते आणि जे गाळले गेले त्यावर नजर टाकायचा कंटाळा केलेला असतो. गाळणी खोटे बोलत नाही. ती विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देते. प्रश्न अपुरा असेल तर तो दोष विचारणाऱ्याचा.

त्या सकाळी स्पर्धा तासभर उशिरा सुरू झाली. फोनवरून विद्यार्थी सांगत गेला आणि मी डबे नव्याने उभे केले. नेटवर्क पुन्हा बांधले गेले, शब्द मुळातच वेगळ्या जागी साठवलेले असल्याने एकही हरवला नाही. विद्यार्थ्याने पुढे एकच गोष्ट सुचवली आणि ती मी पाळतो. शब्दसंग्रहाच्या नेटवर्कला आम्ही 'कायम' असे लेबल लावले आहे. पुसायचे झाले तर आधी 'कायम' लेबलची यादी मागवायची, नावानिशी. मग डँगलिंगची, तीही नावानिशी. दोन्ही कागदावर शेजारी शेजारी उतरवून घ्यायच्या. दोन्हींत आलेल्या नावाला हात लावायचा नाही. उरलेले प्रत्येक नाव मोठ्याने वाचायचे, हा कोणाचा आहे हे स्वतःला विचारायचे आणि मगच पुसायचे. पाच मिनिटे जास्त जातात.

हजेरी घेतानाही आपण नाव मोठ्याने पुकारतोच की. उत्तर आले नाही तर वर्गाला विचारतो, "आज का आला नाही रे हा?" आणि मागच्या बाकावरून कोणीतरी सांगतेच.